झगेवाला आणि समासातली पेन्सिल

मला ग्रीक येतं असं मी फॉर्मवर लिहिलं, ते अगदीच खोटं नव्हतं. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी नऊ वर्षं इलेक्ट्रिकल मशीन्स शिकवलं. अल्फापासून ओमेगापर्यंत सगळी मंडळी माझ्या फळ्यावर रोज हजर असायची. थिटा म्हणजे कोन, ओमेगा म्हणजे वेग, फाय म्हणजे फ्लक्स. झाय नावाचं एक अक्षर होतं, ते काढायची वेळ आली की अख्खा वर्ग हसायचा, कारण ते मलाही धड काढता यायचं नाही. तर इथं अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावच्या लायब्ररीतल्या त्या फॉर्मवर 'आणखी कोणत्या भाषा येतात' असा रकाना होता. मी मराठी, हिंदी, थोडं संस्कृत लिहिलं, आणि रकाना अजून रिकामा दिसला म्हणून 'ग्रीक, फक्त अक्षरं' असंही ठोकून दिलं. काउंटरवरच्या बाईनं ग्रीकपर्यंत वाचलं आणि तिचा चेहरा उजळला.

फॉर्म होता, ज्यांना दिसत नाही त्यांना घरी जाऊन पुस्तकं वाचून दाखवायच्या कामाचा. पगार नाही. पगार मला घेताही येत नव्हता. नवरा इथं गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो आणि मी त्याच्या व्हिसावर डिपेंडंट. हा शब्द सहा वर्षं पासपोर्टमध्ये घेऊन फिरतेय, अजून गिळला गेलेला नाही. नोकरी केली तर गुन्हा, पण फुकट राबायला अमेरिकेची काहीच हरकत नाही. मी म्हटलं चला, घरात बसून डिशवॉशर भरायचा आणि रिकामा करायचा, त्यापेक्षा हे बरं.

पुढच्याच मंगळवारी सकाळी मी एका म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या दारात उभी होते. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. वय चौऱ्याऐंशी, उंच, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. दार उघडून ते माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत बोलायला लागले. नंतर कळलं, नजरेच्या मधोमध त्यांना काळोख दिसायचा, कडेकडेनं थोडं दिसायचं, म्हणून माणूस बघायचा तर त्याच्या शेजारी बघावं लागायचं. आणि ती कडही दर महिन्याला आक्रसत चालली होती.

नावानं हाक मारा, असं त्यांनी सांगितलं. आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ काही वळेना. मी 'सर' म्हणायला लागले आणि तेच राहिलं.

"तुम्हाला ग्रीक येतं असं लायब्ररीतून कळलं," सर म्हणाले.

"अक्षरं येतात."

"आणि अर्थ?"

"अर्थ नाही येत."

मला वाटलं आता हाकलणार. पण सर म्हणाले, "बरं झालं." माझ्याआधी दोघं येऊन गेले होते. एक त्यांच्याच चर्चचे तरुण पाद्री. ते पान वाचायचे आणि मग त्याचं तात्पर्य सांगायचे. दुसरा कॉलेजचा मुलगा, तो ग्रीक आलं की "इथं काहीतरी ग्रीक आहे" असं म्हणून पुढच्या ओळीवर उडी मारायचा. सरांचं म्हणणं, ज्याला कळतं तो गाळतो, ज्याला कळत नाही तोही गाळतो, मला न गाळणारा माणूस पाहिजे.

तर न गाळण्यात मी उस्ताद. शाळेत असताना स्तोत्रपठणाच्या स्पर्धेत मी तीन वर्षं पहिली आले, ती काही भक्तीच्या जोरावर नाही. आमच्याकडे परीक्षक म्हणून एक बाई यायच्या. पोथी मांडीवर, लाल पेन हातात, आणि एक अक्षर सुटलं की एक मार्क कट. अर्थ कळतो का असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. कळला असता तर कदाचित आम्ही थांबलो असतो. सबंध लहानपण मी एकाही अक्षराचा अर्थ न कळता घडाघडा म्हणण्यात घालवलं, आणि अमेरिकेत येऊन माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीपेक्षा तेच कामाला आलं.

वाचायचं काय, तर सरांच्याच पुस्तकाचं जुनं हस्तलिखित. म्हणजे हस्तलिखित कसलं, टाईप केलेलं. चाळीस वर्षांपूर्वी ते पुस्तक छापलं गेलं, त्यावर सरांना कॉलेजात कायमची नोकरी मिळाली आणि पुढं पोरांच्या दोन पिढ्यांनी ते घोकलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात छपाईच्या आधीचा हा कच्चा खर्डा होता. इंग्रजी सगळं टाईप केलेलं आणि जिथं ग्रीक आहे तिथं मोकळी जागा सोडून हातानं लिहिलेलं, कारण टाईपरायटरवर ग्रीक अक्षरं नव्हती.

"सुंदर अक्षर आहे तुमचं," मी म्हटलं.

"माझं नाही. बायकोचं. टाईपही तिनंच केलं." त्या अकरा वर्षांपूर्वी गेल्या होत्या.

पुस्तक एका माणसावर होतं. त्याचं नाव सर मोठ्या आदरानं घ्यायचे, पण मी पहिल्या दिवसापासून त्याला मनातल्या मनात झगेवाला म्हणायला लागले. दुसऱ्या शतकातला माणूस. जन्म पॅलेस्टाईनकडचा, शिक्षण ग्रीक, घरचे देवही ग्रीक-रोमन, आणि डोक्यात एकच किडा की देव म्हणजे काय ते मला समजलंच पाहिजे. मग काय, क्लास लावत सुटला. पहिल्या गुरूनं सांगितलं, देव हा टॉपिक आपल्या सिलॅबसमध्ये नाही आणि असायची गरजही नाही. दुसऱ्यानं चार दिवस गोड बोलून पाचव्या दिवशी फीचा विषय काढला. तिसरा फार नावाजलेला, त्यानं विचारलं, संगीत झालंय? खगोलशास्त्र? भूमिती? नाही? मग आधी फाउंडेशन कोर्स करून या. नागपूरच्या गल्लीगल्लीत ही तिन्ही माणसं मी पाहिली आहेत, फक्त त्यांच्या बोर्डावर देवाऐवजी आयआयटी लिहिलेलं असतं.

चौथा क्लास मात्र झगेवाल्याला मानवला. तिथं शिकवायचे की हे दिसणारं जग खरं नाही, त्याच्या पलीकडं खरं आहे, आणि शुद्ध बुद्धीनं तिथवर पोचता येतं. पठ्ठ्याला वाटलं, आता काय, थोड्याच दिवसांत देव समोर उभा. एकांतात विचार करायला म्हणून तो समुद्रकाठी गेला, तर मागून एक म्हातारा आला. त्यानं गप्पा मारता मारता चार साधे प्रश्न विचारले आणि याचं सगळं शिक्षण फुग्यासारखं बसलं. म्हातारा ख्रिस्ती होता. झगेवालाही ख्रिस्ती झाला.

पण झगा काढला नाही. त्या काळी तत्त्वज्ञ लोक एक खास झगा घालायचे, बघताक्षणी कळावं की हा ग्रीक विद्या शिकलेला माणूस आहे. हा ख्रिस्ती झाल्यावरही तोच झगा घालून रोममध्ये आपला क्लास चालवायला लागला आणि शेवटी धर्म सोड म्हटल्यावर सोडला नाही म्हणून धडावरची मान गमावून बसला.

आता इथं सरांचं पुस्तक येतं. पुस्तकाचा मुद्दा असा की हा माणूस आतून ग्रीकच राहिला. कोळ्यांचा, सुतारांचा साधाभोळा धर्म त्यानं उचलला आणि त्यात ग्रीक तत्त्वज्ञानाची भेसळ केली. झगा हा त्याचा पुरावा. चाळीस वर्षं सर हेच शिकवत आले. पण डोळे गेल्यापासून त्यांना वाचता येईना, तेव्हा ते पाठ असलेले उतारे मनात म्हणत बसायचे, आणि आपण पुस्तकात लावलेला अर्थ त्यांतून निघेना. जूनमध्ये त्यांची मुलगी त्यांना तिच्या घरी कायमचं नेणार होती. त्याआधी एप्रिलमधल्या एका रविवारी चर्चच्या मंडळींपुढं त्यांचं शेवटचं भाषण होतं. त्या भाषणाआधी त्यांना ठरवायचं होतं की आपण चुकलो होतो की नाही, आणि चुकलो असू तर तसं उभं राहून सांगायचं होतं.

"आता या वयात कशाला?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं, पण मी विचारते.

"कारण नंतर मला कोणी विचारणार नाही," सर म्हणाले.

असं आमचं सुरू झालं, मंगळवार आणि गुरुवार, दहा ते बारा. पहिल्या दिवशी मी ग्रीक वाचलं ते असं: लॅम्डा, ओमायक्रॉन, गॅमा, ओमायक्रॉन, सिग्मा. सर पोट धरून हसले. मग म्हणाले, जोडून म्हणा. लोगोस. म्हणजे शब्द, म्हणजे विचार, म्हणजे जगाला चालवणारी बुद्धी, सगळं एकाच शब्दात. ग्रीकांनी तो शब्द आधीच झिजवून गुळगुळीत केला होता. झगेवाला म्हणाला, त्या बुद्धीचं बी प्रत्येक माणसात पेरलेलं आहे, म्हणून येशूच्या आधी जे कोणी विवेकानं जगले, तो विषाचा प्याला प्यायलेला ग्रीक म्हातारासुद्धा, ते सगळे आपलेच.

मला तो तिथं आवडला. पण दोनच आठवड्यांनी त्यानं घात केला. पुढं म्हणतो, ग्रीकांच्या सगळ्यात थोर तत्त्वज्ञाला जे शहाणपण सुचलं ते त्यानं आमच्याच जुन्या, ज्यूंकडून आलेल्या पोथ्यांतून उचललं. मी वाचता वाचता थांबले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक काका आहेत, विमान, अणू, प्लास्टिक सर्जरी, काहीही सांगा, ते आपल्याकडं आधीच होतं. मी सरांना या काकांबद्दल सांगितलं. सर म्हणाले, "अगदी तेच. विद्वान माणूस, आणि तरी तेच." दोन हजार वर्षांत माणसाचा हा रोग बरा झालेला नाही बाप्पा.

हळूहळू माझं ग्रीक वळणावर आलं. अर्थ कळत नव्हता, पण चाल लागली. कुठलीही अनोळखी भाषा मोठ्यानं वाचायची झाली की माझ्या घशातून स्तोत्राचीच चाल निघते, त्याला मी काय करणार. झगेवाल्याचं ग्रीक मी थेट आमच्या स्पर्धेच्या सुरात म्हणायचे, चरण संपला की किंचित थांबून. सर डोळे मिटून ऐकायचे. एकदा मी त्यांच्यासाठी तर्री पोहे नेले. त्यांनी दोन घास खाल्ले, नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाले, आज हुतात्मे दोन झाले, तो आणि मी. तरी वाटी चाटूनपुसून संपवली. मला माणूस आवडायला लागला होता, हे मी कबूल करते.

आमच्या मराठी मंडळात या काळात निराळीच बातमी पसरली होती. भाषणाची जागा कशी आहे ते बघायला मी सरांना दोनदा चर्चमध्ये घेऊन गेले होते, आणि मंडळाच्या एका काकूंनी पार्किंगमध्ये माझी गाडी पाहिली. हळदीकुंकवाला माझ्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवता त्या हळूच म्हणाल्या, "काही घरात टेन्शन आहे का गं? सांगायचं असेल तर सांग हो." मी म्हटलं, काकू, मी धर्म बदलत नाहीये, दुसऱ्या शतकातल्या एका माणसानं बदलला, त्याचं वाचतेय. काकूंनी माझ्याकडं फार करुणेनं पाहिलं. नंतर कळलं, मी गेल्यावर त्या म्हणाल्या की सुरुवात अशीच वाचनानं होते.

मार्चच्या अखेरीला आम्ही त्या प्रकरणापर्यंत पोचलो ज्यात समुद्रकाठचा म्हातारा येतो. पुस्तकाचं नाक म्हणजे हे प्रकरण. बाहेर वितळलेल्या बर्फाचा राडा होता आणि सर खुर्चीच्या काठावर येऊन बसले होते. मी आधी ग्रीक म्हटलं. मग सरांचं इंग्रजी, त्यात तो निकाल: हा माणूस बदललाच नाही, त्यानं फक्त एक गुरू सोडून दुसरा केला, आणि अंगावरचा झगा तेच सांगतो. ओळ संपली. शेजारच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी होतं. इंग्रजी होतं. मी न थांबता तेही त्याच सुरात वाचलं. समासातलं गाळायचं असतं असं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी गाळलं नसतं.

समासात होतं ते असं. इथं तू चुकतो आहेस. झगा त्यानं ठेवला, कारण आधी जे शिकलो ते सगळं याच वाटेवर आणून सोडणारं होतं असं त्याला वाटलं. श्रद्धा वरवरची होती की खरी, ते त्याच्या मानेला विचार. ग्रीक पुन्हा वाच. छापायला देण्याआधी माझ्याशी बोल.

मी वाचून मोकळी झाले आणि पुढचं पान उलटलं. मग माझ्या लक्षात आलं की खोलीत काहीतरी झालंय. सरांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट होते.

"अजून आहे तर," ते म्हणाले.

"काय?"

"पेन्सिल."

मी पुन्हा पाहिलं. ग्रीकचं आणि या टिपेचं अक्षर एकच होतं, त्यांच्या बायकोचं. मला कळायला इतका वेळ लागला याची मला अजून लाज वाटते.

मग सर बोलले. ती आणि ते एकाच वर्गात ग्रीक शिकले होते. तिचे मार्क नेहमी जास्त. लग्नानंतर एकाच घरात दोन प्रोफेसर होत नसत त्या काळात, ती टाईप करायला लागली. ही टीप तिनं लिहिली तेव्हा प्रकाशकाचं पत्र आलेलं होतं आणि नोकरीचा निर्णय त्या पुस्तकावर अडला होता.

"म्हणजे तुम्ही हे तेव्हाच वाचलं होतं," मी म्हटलं.

"हो."

"आणि तिच्याशी बोललात?"

"नाही."

"मग मला चार महिने हे सगळं पहिल्या पानापासून का वाचायला लावलंत? सरळ हे पान काढायला सांगायचं."

सर माझ्या कानाशेजारी बघत राहिले. "खोकं तिच्याजवळ होतं. नंतर एवढी वर्षं होतं. मला वाटलं, कदाचित तिनं कधीतरी खोडून टाकलं असेल."

मला इतका राग आला की काय सांगू. या माणसाला आपण चुकलो की नाही हे ठरवायचं नव्हतंच. ते त्याला चाळीस वर्षं माहीत होतं. त्याला हवं होतं की बायकोनं जाण्याआधी आपली तक्रार गुपचूप मागं घेतलेली असावी. म्हणजे मग भाषण सोपं. मी तोंडाला येईल ते बोलले. इंग्रजीत भांडताना माझी क्रियापदं पळून जातात, पण त्या दिवशी क्रियापदांवाचून काही अडलं नाही. मी म्हटलं, तुम्ही भेसळ भेसळ म्हणून त्या झगेवाल्याला चाळीस वर्षं धोपटलंत, पण तो निदान एका अनोळखी म्हाताऱ्याचं ऐकून बदलला. तुम्हाला तर घरातल्या बाईचंही ऐकता आलं नाही. खोकं बंद केलं, बूट घातले आणि निघाले.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो लॅपटॉपवर होता. म्हणाला, "जाऊ दे ना यार, चाळीस वर्षं झाली." मी म्हटलं, सहा वर्षांपूर्वी मी नोकरी सोडू नये असं म्हणत होते, तेव्हा तू माझं ऐकलं होतंस का? तो म्हणाला, "हं? काय म्हणालीस?" मी तिथून उठले, नाहीतर ब्रेकचं सॉफ्टवेअर त्या दिवशी खिडकीबाहेर गेलं असतं. नंतर तो आला, माझ्याजवळ बसला आणि म्हणाला की ऐकलं होतं, पण उत्तर नव्हतं. हे त्यानं निदान सांगितलं.

दोन मंगळवार आणि दोन गुरुवार मी गेले नाही. मग सरांचा फोन आला. माफीबिफी काही नाही. रविवारी चर्चला न्याल का, आणि ग्रीक वाचाल का, एवढंच. काय बोलणार आहात, असं मी विचारलं. तर म्हणाले, अजून ठरलं नाही. मी जायचं कबूल केलं, ते चांगुलपणानं नव्हे. हा माणूस आता काय करतो ते मला बघायचं होतं. मनातून माझी खात्री होती की पळवाट काढणार. पुढच्या संशोधनात असं दिसून आलं, अलीकडं माझं मत काहीसं बदललं आहे, असं काहीतरी गुळमुळीत. विद्वान माणसाला चूक कबूल करताना कर्मणी प्रयोग फार आठवतो.

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये अकरा माणसं होती, बहुतेक सगळी सत्तरीपुढची. घडीच्या खुर्च्या, मागं कॉफीचा मोठा डबा, डोनटचे दोन खोके. सरांनी झगेवाल्याचे क्लास सांगितले, सगळे हसले. फाउंडेशन कोर्स हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला होता. मग मी ग्रीक म्हटलं, माझ्या सुरात. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं की त्या काळी हे असंच गात होते का. सर म्हणाले, "नाही, हे नागपूरला असं गातात." लोक पुन्हा हसले. सगळं मजेत चाललं होतं आणि मी पळवाट कधी येते त्याची वाट बघत होते.

सर मग म्हणाले, "या उताऱ्यावर मी जे लिहिलं ते चूक आहे. झगा हा भेसळीचा पुरावा नाही. या माणसाला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या आणि त्यातल्या एकीसाठी त्यानं जीव दिला. हे मला माझ्या बायकोनं सांगितलं होतं, पुस्तक छापायच्या आधी." त्यांनी मला मान हलवून खूण केली आणि मी समासातली टीप वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

मग एक निळ्या स्वेटरमधल्या आजी फार प्रेमानं म्हणाल्या, "किती गोड. म्हणजे ते पुस्तक खरं तर तुम्ही दोघांनी मिळून लिहिलंत." माना हलल्या. कुणीतरी टाळी वाजवायला हात वर केले. सरांना तिथंच बसून टाकता आलं असतं. काही बिघडलं नसतं, उलट सगळ्यांना बरं वाटलं असतं. मलासुद्धा वाटलं, आता बसतील.

"नाही," सर म्हणाले. "मी लिहिलं. ती माझ्याशी बोलायला थांबली होती आणि मी बोललो नाही. तिचं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं."

ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही तिच्यासाठी मला रडू येत होतं, आणि या म्हाताऱ्यासाठीही येत होतं, याचा मला रागही येत होता. सर आजींच्या आवाजाच्या दिशेला वळले होते, त्यांच्या खांद्यापलीकडं बघत.

"प्रकाशकाला स्वच्छ प्रत हवी होती," ते म्हणाले. "ही टीप लिहिल्यावर आठ दिवस तिनं वाट पाहिली. मग हेच प्रकरण, मी लिहिलं होतं तसंच्या तसं, तिनं पुन्हा टाईप करून दिलं. मी तपासलं. त्यात एकही चूक नव्हती."